तोंडातल्या टाचण्या काढा, अण्णा

लोकांना फोन करून "आज जेवलात का? गरम होतं का?" असं विचारायची माझी नोकरी आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असल्या कामाला पगार देत्यात?" देतात. आणि मला हे काम इतकं आवडतं की कॉलेजचा शेवटचा तास चालू असताना माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं.

दिवाळी अंकासाठी कामाचा अनुभव लिही असं संपादक काकू म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. या पानांवर निवृत्त बँक मॅनेजर लिहितात, इंजिनिअर लिहितात. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. निपाणीकडच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. नोकरीसुद्धा अर्ध्या दिवसाची. त्यावर काकू म्हणाल्या, "मग अर्ध्या दिवसाचा अनुभव लिही." तेव्हा लिहिते आहे. नावं सगळी बदलली आहेत. ज्यांच्याबद्दल मुख्यतः लिहिणार आहे त्या मास्तरांना विचारूनच लिहिते. ते म्हणाले, "लिही की. पण कोट कसा बसला ते नीट लिही."

आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागात एक लहानशी खोली आहे. तिथे बसून मी उपचार घेऊन घरी गेलेल्यांना फोन करते. कन्नड आणि हिंदी येणाऱ्या मुली होत्याच. मराठीसाठी मला घेतलं. बेळगावकडचे पेशंट बंगळूरला खूप येतात, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरंही आहेत. ती माणसं बाहेर सुरेख कन्नड बोलतात, पण दुखणं सांगायची वेळ आली की घरची भाषा बाहेर येते.

पहिल्या दिवशी मर्सी सिस्टरनी मला समोर बसवलं. त्या आमच्या विभागाच्या मुख्य नर्स, मूळच्या केरळच्या. हिंदी, कन्नड आणि डोळे अशा तीन भाषांत त्या रागवतात. त्यांनी मला इम्युनोथेरपी समजावली, ती मी माझ्या शब्दांत सांगते. रोगाशी लढणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतातच. कॅन्सर त्यांना ब्रेक लावून ठेवतो. हे औषध तो ब्रेक काढतं, मग त्या पेशी कॅन्सरवर तुटून पडतात. पण ब्रेक सुटला की कधीकधी त्या आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, कातडीवरसुद्धा धावून जातात. मग त्यांना आवरायला स्टेरॉइड द्यावं लागतं. ते बरेच दिवस घ्यावं लागतं आणि डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करावं लागतं. त्यानं पेशी शांत होतात. इतक्या शांत, की बाहेरून जंतू आले तरी त्या लवकर उठत नाहीत.

माझे फोन सुरू होतात ते इथे. पेशंटला वाटत असतं, औषध झालं, त्रास थांबला, आता मी मोकळा. आणि जपायचं असतं ते नेमकं तेव्हाच. हात साबणानं धुवायचे. अन्न ताजं, शिजवलेलं, गरम. पाणी उकळून. गर्दीत जायचं नाही, गेलंच तर मास्क. सर्दी-खोकल्याच्या माणसानं लांबूनच बोलायचं. कुठलीही लस आधी डॉक्टरांना विचारून. ताप आला तर घरातली गोळी घेऊन तो उतरवत बसायचं नाही, लगेच कळवायचं. आणि मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट म्हणजे, स्टेरॉइड चालू असताना ताप येईलच असं नाही. घरात चोर शिरलेला असतो, पण कुत्रं भुंकत नाही.

हे ऐकून मी इतकी भारावले की त्या रात्री वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना पकडून सांगितलं. एक म्हणाली, "रेणुका, आम्हाला झोपू दे."

फोनवर मजेदार माणसं भेटतात. जयनगरच्या एक आजी तर माझ्यापेक्षा शंभर पावलं पुढे. कढीपत्ताही साबणानं धुवायच्या. हात तर इतक्या वेळा धुतले की कातडीला भेगा पडल्या. मला त्यांना सांगावं लागलं की आजी, भेगांतूनच जंतू आत जातात, धुणं स्वल्प कमी करा आणि हाताला खोबरेल नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी चुकले नाही, जास्त बरोबर वागले." देवनहळ्ळीचे एक काका आहेत. त्यांच्या आजूबाजूची शेतं जाऊन प्लॉट पडले, पण यांनी घरामागे गुलाब ठेवलेत. ते दर वेळी विचारतात, "आज तरी मातीत हात घालू का?" मी म्हणते, अजून नाही. "हातमोजे घालून?" अजून नाही, काका. मग ते म्हणतात, "गुलाबांना काय सांगू?"

आता मास्तर.

मास्तर म्हणजे इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरचे कोट शिवणारे. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं, पिढीजात शिंपी. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणतो. खाली दुकान, वर घर. लग्नातल्या बँडवाल्यांचे लाल कोट असतात ना, खांद्यावर सोनेरी जरीची पट्टी आणि छातीवर दोऱ्या लोंबणारे, ते शिवणारे आता थोडेच उरलेत. मास्तर त्यांतले एक. मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर त्यांना इम्युनोथेरपी चालू होती. पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांना सलाइन लावलेलं होतं, आणि ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, काही दुखतंय.

"काही हवंय का, अण्णा?"

"तुझा कोट कुणी शिवला?"

हॉस्पिटल आम्हाला पांढरे कोट देतं. मी म्हटलं, "माहीत नाही. सगळ्यांना हाच मिळतो."

"खांदा पडलाय. जुळ्या बहिणीचा घातल्यासारखा दिसतोय. आणून दे, उभा करून देतो."

औषध त्यांना मानवलं. गाठी लहान झाल्या. पण मग आतड्याला सूज आली, जुलाब सुरू झाले, आणि स्टेरॉइड सुरू करावं लागलं. जुलाब थांबल्यावर त्यांना घरी सोडलं आणि त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी वयानं त्यांच्या नातीएवढी, तरी ते मला "रेणुकाक्का" म्हणायचे. आधी थट्टेनं, नंतर सवयीनं.

त्या दुपारी मी नेहमीसारखा फोन लावला. मागे शिलाई मशीनचा आवाज होता. खाली कारागीर असतात, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

"अण्णा, ताप?"

"नाही गं."

"खोकला? लघवीला जळजळ?"

"नाही."

"पोट?"

"पोट सरी झालं." सरी म्हणजे कन्नडमधलं ठीक.

"कुठे जखम, कापलं, खरचटलं?"

"म्हं."

मी पुढच्या प्रश्नाकडे वळले होते, आणि थांबले. ते "म्हं" ना हो होतं, ना नाही. ते बंद ओठांतून आलेलं होतं. माझी आई गावात ब्लाउज शिवते. लहानपणापासून मी तिला काही विचारलं की ती अशीच "म्हं" करायची, कारण तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. एका बाजूला टाचण्या, दुसऱ्या बाजूला दोऱ्याचं टोक. दोरा ओला केल्याशिवाय सुईत जात नाही म्हणे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, तोंडातल्या टाचण्या काढा आधी."

पलीकडे मशीन थांबलं. मग वाटीत टाचण्या पडल्याचा किणकिण आवाज आला.

"अय्यो! तिथून दिसतंय काय तुला?"

"तुम्ही शिवताय?"

"मग काय करू? कारागीर सुट्टीवर गेला. बँडवाल्यांचे कोट राहिलेत. याकूबभाईला शब्द दिलाय. लग्नाचे दिवस तोंडावर आलेत."

एरवी मी पुढचा प्रश्न विचारला असता. समोर कागदावर जे प्रश्न होते त्यांत सुईचं नाव नव्हतं. पण आईचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. तिच्या बोटांवर बारीक काळे ठिपके आहेत. तिला कुणी विचारलं की हाताला काही लागलंय का, तर ती नाहीच म्हणणार. सुई टोचणं तिच्या लेखी लागणं नव्हेच.

"अण्णा, एवढ्यात सुई टोचली का?"

ते हसले. "शिंप्याला विचारतेस? मासळीवाल्याला विचार, हाताला वास येतो का."

"या आठवड्यात? जोरात?"

"जरीची पट्टी जाड असते. सुई सटकली. ही काय जखम झाली?"

"बोट कसं आहे?"

"स्वल्प फुगलंय. कालपासून अंगुस्तान बसत नाही, काढून ठेवलंय."

अंगुस्तान म्हणजे शिवताना बोटात घालायची धातूची टोपी. मास्तरांनी ती जन्मभर घातलेली. त्या बोटात ती आता जात नव्हती.

मी खुर्चीवरून उठले, हेडफोनची वायर विसरले, ती गळ्यात अडकली, आणि तशीच ओरडले, "सिस्टर!"

मर्सी सिस्टर चहाचा कप ठेवून आल्या. मी अडखळत सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, ताप नाही ना, मग उद्या बघू. त्यांनी फक्त विचारलं, "व्हिडिओ येतो त्यांना?" मास्तरांनी बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. लाल, चकचकीत, आणि तिथून तळहाताकडे सरकणारी एक लाल रेघ.

"आत्ता," सिस्टर कन्नडमध्ये म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता या."

"सिस्टरम्मा, संध्याकाळी याकूबभाई येणार. खांदे लावून येतो."

सिस्टर डोळ्यांच्या भाषेत बोलल्या, पण मास्तरांची नजर फोनवर नव्हती, कोटावर होती. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तू बोल, असा. मी कुणालाच कधी समजावलेलं नाही. वर्गात शंका विचारतानासुद्धा मी आधी मनात वाक्य जुळवते. आता वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

"अण्णा, कोट कुणाकडेही द्या असं मी नाही म्हणणार. तुमच्यासारखा खांदा कुणाला जमत नाही. पण तो लावायला बोट लागेल ना? ते आत्ता आणून दाखवा. ताप नाही म्हणून फसू नका. तुमच्या गोळ्या ताप दाबून ठेवतात. आतलं आम्हाला इथे बघू द्या."

पलीकडून हाक ऐकू आली, "सुजाता! चपला कुठे ठेवल्यास?"

सुजाता वहिनी म्हणजे त्यांची सून. त्या मास्तरांना रिक्षात घालून घेऊन आल्या. मास्तर उतरले ते काखेत पिशवी घेऊन. पिशवीत अर्धा कोट. मर्सी सिस्टरनी तो पिशवीसकट कपाटात टाकून कुलूप लावलं.

ताप खरंच नव्हता. पण रक्ताच्या तपासणीत संसर्ग उघड दिसला. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टर बाई फारसं बोलत नाहीत. त्या बोट बघून म्हणाल्या, "दोन दिवस उशीर झाला असता, तर आपण या बोटाबद्दल बोलत नसतो. तुमच्याबद्दल बोलत असतो."

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा रेघ मागे हटली होती. मी आनंदानं तसं म्हणाले, तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"आता शिवायचं बंद म्हणणार तुम्ही."

मलाही तेच वाटत होतं.

"कॅन्सर म्हणालात तेव्हा मी रडलो नाही. पण घरात नुसतं बसवून ठेवणार असाल, तर मग मला बरं कशाला केलंत?"

हे मी मर्सी सिस्टरना सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं, कोट काढला नाही, पण साध्या कापडाचा तुकडा आणि दोरा घेऊन वॉर्डात गेल्या. "कसं शिवता ते करून दाखवा," म्हणाल्या. मास्तरांनी सुजलेलं बोट वर धरून, उजव्या हातानं नुसत्या हवेत शिवून दाखवलं. दोरा उचलला, आणि सवयीनं तोंडाकडे नेला.

"तिथेच!" सिस्टर ओरडल्या. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. "तोंडातले जंतू दोऱ्यावर. दोरा सुईत. सुई बोटात. समजलं?"

"मग दोरा ओवायचा कसा?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ आईला व्हिडिओ लावला.

"आई, थुंकी न लावता दोरा कसा ओवायचा?"

"मेणबत्तीवरनं ओढायचा की. कडक हुतोय, सरळ जातोय. कुणाला पाहिजे?"

मास्तर फोनकडे वाकले. "ब्लाउज शिवणाऱ्या आता कोटवाल्यांना शिकवणार काय?"

"कोटवाल्यांचं बोट सुजलंय, ब्लाउजवालीचं न्हाई," आई म्हणाली.

मास्तर इतके हसले की सिस्टरना सलाइनची नळी धरावी लागली. मला मात्र दिसलं, की हे बोलताना आईच्याही ओठांत दोन टाचण्या होत्या.

डॉक्टर बाईंनी शिवायला परवानगी दिली, पण बोट पूर्ण बरं झाल्यावर आणि आपल्या अटींवर. नवं कापडच हातात घ्यायचं. दुरुस्तीला येणारे घामाचे जुने कोट आधी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय दुकानात घ्यायचे नाहीत. टाचण्या तोंडात नाही, टाचण्या खोचायच्या लहान गादीत. अंगुस्तान काढायचं नाही. आणि सुई टोचली, तर लगेच साबणानं धुवायचं, औषध लावायचं आणि आम्हाला सांगायचं. लहान असली तरी. मास्तर म्हणाले, "सरी." शेवटच्या अटीवर मात्र ते मान हलवत राहिले. "सुई टोचली म्हणून फोन करू? बाजार हसेल मला."

या सगळ्यानंतर मर्सी सिस्टरनी आमचा प्रश्नच बदलला. आता आम्ही नुसतं "जखम झाली का" विचारत नाही. तुम्ही दिवसभर हातानं काय करता, हे आधी विचारतो. मग नारळ खवणारीला विळी विचारतो, पुजारीबुवांना निरांजनाचा चटका, गुलाबवाल्या काकांना काटा. लोक आधी गोंधळतात, मग खुलतात. एका काकूंनी मला मोदकाच्या उकडीपर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "हो, कालच वाफ लागली." मला कधीकधी वाटतं, हे आम्ही आधीपासून विचारत असतो तर? काही नंबर आता लागत नाहीत. ते का लागत नाहीत हे मला कळतं, आणि तरी तो नंबर मी लगेच पुसत नाही. एक दिवस तसाच ठेवते.

मास्तर घरी गेले आणि दुसरीच अडचण उभी राहिली. समाचाराला येणारी माणसं. शिवाजीनगरात मास्तर आजारी, आणि कुणी भेटायला जाणार नाही, हे शक्यच नव्हतं. सुजाता वहिनींनी मला फोन केला. "अगं, लोक फळं घेऊन जिन्यात उभे आहेत. परत पाठवलं तर अपमान, आत घेतलं तर सिस्टर मला मारतील." मी म्हटलं, खिडकीतून भेटू द्या. मास्तर वर, लोक खाली. तेच सुरू झालं. संध्याकाळी मास्तर खिडकीत बसायचे आणि अख्खी गल्ली मान वर करून बोलायची. बँडचे म्होरके याकूबभाई पहिल्या दिवशी खालून ओरडले म्हणे, "मास्टर, हमे ऊपर नै आते, तुमे खिडकी में आव! अच्छे हैं क्या?" आणि वरून मास्तर ओरडले, "कोट का कपडा भेजो!"

कोट पुरे व्हायला अर्थातच वेळ लागला. याकूबभाईंनी पहिल्या काही लग्नांत जुने कोट वापरले. पण दुसऱ्या शिंप्याकडे गेले नाहीत.

मधे एकदा तपासणीला आले तेव्हा मास्तरांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "गरम पाण्यात धुऊन दे." माझा कोट त्यांच्याकडे गेला.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची दुपार. मी फोन लावला आणि पलीकडून असा आवाज आला की मी हेडफोन कानावरून काढला. ढोल, ट्रम्पेट, झांजा.

"अण्णा! हे काय आहे?"

"बँड आलाय!" मास्तर ओरडत होते. "नवे कोट घालून! वर येता येत नाही, म्हणून खाली रस्त्यावर उभे राहून दाखवतायत! रिक्षा अडकल्यात सगळ्या! खांदा बघायला पाहिजे होतंस, रेणुकाक्का! एकाचाही पडला नाही!"

"ताप?" मी ओरडले. आमच्या खोलीतल्या सगळ्या वळून बघायला लागल्या.

"नाही!"

"पोट?"

"सरी!"

पुढचा प्रश्न मी विचारायच्या आतच मास्तर सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले.

"सुई टोचली! काल टोचली! डाव्या हाताच्या बोटाला, तिथे अंगुस्तान नसतं! बोट धुतलं, औषध लावलं, फुगलं नाही! तुझ्याच कोटाचा खांदा लावताना टोचली! लिहून घे!"